'एक्झेम्प्ट' म्हणजे कोण सुटलं आणि कशातून सुटलं?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलाला ऐरोलीला एका अमेरिकी कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली होती. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात प्रिंट काढलेलं ऑफर लेटर. मी पेढा तोंडात टाकतोय तोवर वहिनींनी कागद पुढे केला. "भाऊ, हे बघा ना, इथे एक्झेम्प्ट लिहिलंय. म्हणजे याच्या पगारातून टॅक्स नाही ना कापणार?"

मी चष्मा लावून बघितलं. पदाचं नाव, विभाग, शिफ्टची वेळ, आणि त्याखाली एकच ओळ: 'स्टेटस: एक्झेम्प्ट'. बस, एवढंच. कशातून एक्झेम्प्ट, कोणत्या कायद्याने, याबद्दल पुढे अक्षर नाही.

त्या ओळीचा आणि टॅक्सचा काही संबंध नव्हता. तिचा अर्थ वहिनींना वाटला होता त्याच्या जवळपास उलटा होता. तो समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की हा शब्द मुंबईत आपल्याला रोज कुठे ना कुठे भेटतो. घरपट्टीच्या बिलावर, विम्याच्या पावतीवर, पीएफच्या कागदावर, कोर्टात, शाळेत. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आपण तो 'सूट' असा वाचून पुढे जातो. घोटाळा तिथेच होतो.

आपल्या मराठीत 'सूट' हा फार कामसू शब्द आहे. दादरला साडीच्या दुकानावर 'वीस टक्के सूट' असा बोर्ड असतो तिथेही सूट, आणि 'परीक्षा शुल्कातून सूट' तिथेही सूट. इंग्रजीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानातली सूट म्हणजे डिस्काउंट: किंमत लागू आहे, ती कमी केली. एक्झेम्प्ट म्हणजे तो नियम, तो कर, ती अट तुम्हाला लागूच नाही. कमी करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तुम्ही त्या रांगेत उभेच नाही.

शब्दाचं मूळ बघितलं की हे चटकन पटतं. लॅटिनमध्ये 'एमेरे' म्हणजे घेणे, आणि पुढे विकत घेणे. त्याला 'एक्स', म्हणजे बाहेर, जोडून झालं 'एक्सिमेरे', बाहेर काढून घेणे. ढिगातून एक जिन्नस उचलून बाजूला ठेवावा तसं. याच कुळातला 'एक्झाम्पल' हा शब्द: ढिगातून दाखवायला काढलेला नमुना. आपला 'उदाहरण' शब्दही असाच बनला आहे, 'उद्' म्हणजे वर आणि 'आहरण' म्हणजे आणणे. दोन अगदी वेगळ्या भाषांना नमुन्यासाठी उचलून आणण्याचीच कल्पना सुचावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्याच 'एमेरे'ची आणखी दोन लेकरं तुमच्या ओळखीची आहेत. म्युच्युअल फंड 'रिडीम' करतो तो, आणि विम्याचा 'प्रीमियम'.

उच्चाराचं थोडक्यात सांगतो. लिहिताना त्यात 'प' असतो, बोलताना तो जवळपास गिळला जातो, 'इग्झेम्ट' असं ऐकू येतं. मुंबईत बहुतेक जण 'एक्झम्ट' म्हणतात, आणि कोणाचं काही अडत नाही.

आता 'माफी'कडे वळतो, कारण मराठी बातम्यांत एक्झेम्प्टच्या जागी सगळ्यात जास्त हाच शब्द येतो. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईत शिरण्याच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन नाके. मोटारीला पंचेचाळीस रुपये पडायचे ते थांबले. अवजड वाहनांचा टोल चालूच राहिला. त्या दिवसापासून सगळीकडे 'टोलमाफी' हाच शब्द ऐकू येऊ लागला. बोलायला सोपा आहे, रुळलाही आहे. पण माफी कशाची करतात? अपराधाची करतात, नाहीतर आधीच अंगावर असलेल्या देण्याची. कर्ज घेतलं, फेडायचं होतं, नंतर सोडून दिलं, ती कर्जमाफी. इंग्रजीत त्याला 'वेव्हर' म्हणतात: माझा घेण्याचा हक्क होता, तो मी सोडला. टोलच्या बाबतीत आज सकाळी वाशीच्या पुलावरून जाणाऱ्या मोटारीवर देणं चढलं आणि मग ते कोणी सोडून दिलं, असं काही घडत नाही. देणं चढतच नाही. ही मोटार एक्झेम्प्ट आहे.

हा काथ्याकूट वाटेल, पण या फरकावर महाराष्ट्रात माणसं तळमळीने बोलली आहेत. शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना वर्षानुवर्षं सांगत राहिली की 'कर्जमाफी' म्हणू नका, 'कर्जमुक्ती' म्हणा. शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, मग माफी कसली? 2019 च्या डिसेंबरमध्ये सरकारने जाहीर केलेल्या योजनेच्या नावात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावापुढे 'शेतकरी कर्जमुक्ती' असेच शब्द आले. घेणाऱ्याच्या हातात पडणारी रक्कम माफी म्हटल्याने कमी होत नाही आणि मुक्ती म्हटल्याने वाढत नाही. पण ती घेताना मान वर राहते की खाली जाते, हे शब्द ठरवतो.

शाळेतही मी हेच बघतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलीला पीटीच्या तासाला धावायला लावत नाहीत. तिची आई सांगते, "तिला पीटी माफ आहे." मुलगी शेजारी उभी असते, आणि तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी ओशाळलेपण येतं. अहो, तिने काय चूक केली? इंग्रजीत इथे दोन शब्द आहेत. पाय मुरगळला म्हणून आजच्या दिवस धावू नकोस, हे 'एक्सक्यूज'. नियम तिच्यावर आहे, आजच्यापुरतं चालवून घेतलं. प्रकृतीमुळे धावण्याचा नियम तिच्यासाठी नाहीच, हे 'एक्झेम्प्ट'. मराठीत सांगायचं तर 'तिला धावण्यातून वगळलंय' किंवा सरळ 'तिला धावायची अट नाही'. दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो ती सवलत, कारण परीक्षा तो देतोच, फक्त देण्याची पद्धत सोयीची केली. एखादा विषय त्याला घ्यावाच लागला नाही तर ती खरी सूट. शाळेला अर्ज करताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्या लागतात, म्हणून पालकांनी शब्द नीट निवडावा असं मला मनापासून वाटतं.

किल्ला कोर्टाच्या आवारात वकिलांच्या तोंडी 'आजचं एक्झम्शन टाकलंय' हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. आरोपी त्या तारखेला येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने हजेरी माफीचा अर्ज दिला जातो. हे एक्झम्शन सहसा त्या एका तारखेपुरतं असतं. न्यायाधीशांनी मंजूर केलं तर ठीक, नाहीतर वॉरंट निघू शकतं. बऱ्याच जणांना वाटतं, एकदा अर्ज मंजूर झाला की पुढच्या तारखांनाही जायला नको. तसं हवं असेल तर कायमस्वरूपी गैरहजर राहण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. शब्द एकच, पण मुदत निराळी.

म्हणजे एक्झेम्प्टच्या मागे काहीतरी लपलेलं असतं: किती काळ, कोणत्या अटीवर, कोणत्या कागदाच्या जोरावर. गणपतीत कोकणात गाडी घेऊन जाणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. त्या दिवसांत टोल लागत नाही, पण आरटीओतून किंवा पोलिसांकडून आणलेला पास काचेवर चिकटवलेला लागतो. पास नसेल तर नाक्यावर गणपतीची मूर्ती मागच्या सीटवर असूनही पैसे भरावे लागतात.

आता घरपट्टी. आमच्या इमारतीतली घरं चारशे-साडेचारशे फुटांची, म्हणून हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे 46.45 चौरस मीटरपर्यंतच्या, राहत्या घरांना मालमत्ता कर नाही, हा निर्णय 2022 च्या जानेवारीत झाला. पण त्याआधी 2019 मध्येही 'सूट' जाहीर झाली होती, आणि तरी लोकांच्या हातात बिलं आली होती. तेव्हा आमच्या गच्चीवरच्या मीटिंगमध्ये चांगलीच वादावादी झाली. काही जण म्हणाले, ही फसवणूक आहे. कारण असं होतं की मालमत्ता कर हा एकच कर नसतो. सर्वसाधारण कर, पाणी, मलनिःसारण, रस्ते, शिक्षण, वृक्ष असे अनेक कर एका बिलात बांधलेले असतात. 2019 ची सूट फक्त सर्वसाधारण करातून होती. बाकीचे लागू होते. 2022 ला सगळेच सुटले. बातमीत 'करातून सूट' एवढंच वाचलं की कोणत्या करातून हा प्रश्न राहून जातो, आणि मग बिल हातात आल्यावर मनस्ताप होतो.

याच नियमात आणखी एक खुबी आहे. घर पाचशे फुटांचं असेल तर काहीच कर नाही. पाचशे दहा फुटांचं असेल तर वरच्या दहा फुटांवर नव्हे, पूर्ण घरावर कर. म्हणजे हा उंबरठा आहे. अलीकडे असाल तर पूर्ण सुटका, पलीकडे गेलात तर काहीच नाही.

आयकरातली सूट अशी नसते, आणि इथे फार मोठा गैरसमज आहे म्हणून जरा थांबून सांगतो. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही. ही खरी एक्झेम्प्ट मर्यादा. तुमचं उत्पन्न चाळीस लाख असलं तरी त्यातले पहिले चार लाख सुटलेलेच आहेत. घरपट्टीसारखा इथे कडेलोट नाही. पण लोकांच्या डोक्यात बसलंय ते 'बारा लाख करमुक्त'. बारा लाख करमुक्त नाहीत. चार ते आठ लाखांवर पाच टक्के म्हणजे वीस हजार, आठ ते बारा लाखांवर दहा टक्के म्हणजे चाळीस हजार, असा साठ हजारांचा कर बारा लाखांवर होतो. तो लागतो, हिशेबात येतो, आणि मग सरकार तेवढीच रक्कम 'रिबेट' म्हणून कमी करतं. हातात शेवटी शून्य उरतं, पण वाट वेगळी आहे.

वाट वेगळी असल्याने काय बिघडतं? दोन गोष्टी. उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागतं. 'मी एक्झेम्प्ट आहे' म्हणून गप्प बसता येत नाही. आणि शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यासारख्या, ज्यांवर खास दराने कर लागतो अशा उत्पन्नांना नव्या प्रणालीतलं हे रिबेट मिळत नाही. पगार आठ लाख आणि शेअरचा मोठा नफा असा हिशेब असलेली तरुण मंडळी इथे चुकतात. बारा लाखांच्या आत आहोत म्हणून निर्धास्त राहतात, आणि नोटीस आली की घाबरतात. ज्याला आपण 'वजावट' म्हणतो ती तिसरीच गोष्ट: उत्पन्नातून आधी काही रक्कम कमी करायची आणि उरलेल्यावर कर मोजायचा. पगारदारांची पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट तशी. वजावट उत्पन्नातून जाते, रिबेट करातून जातं, आणि एक्झेम्प्ट रक्कम करमोजणीतच येत नाही.

बँकेत पीपीएफला 'ट्रिपल ई' म्हणतात, तेही याच शब्दाचं. एक्झेम्प्ट, एक्झेम्प्ट, एक्झेम्प्ट. पैसे भरताना, व्याज मिळताना आणि शेवटी काढताना, तिन्ही वेळा कर नाही. बारकाईने बघितलं तर पहिला 'ई' ही खरं तर वजावट आहे, आणि तीही जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत गेलात तर पहिला 'ई' गळतो, उरलेले दोन राहतात.

विम्याच्या पावतीचं तेवढं सांगून टाकतो, कारण आमच्या सौंनी परवाच विचारलं. वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विमा 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीमधून एक्झेम्प्ट झाला. आरोग्य विम्याच्या वीस हजारांच्या हप्त्यावर आधी अठरा टक्क्यांनी तीन हजार सहाशे रुपये वर लागायचे, ते गेले. ऑफिसमार्फत काढलेल्या गट विम्याला मात्र ही सूट नाही.

पीएफचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते मला वहिनींच्या कागदाकडे परत नेतं. काही मोठ्या कंपन्यांच्या कागदावर 'एक्झेम्प्टेड एस्टॅब्लिशमेंट' असं लिहिलेलं असतं. नवीन लागलेला मुलगा ते वाचून हादरतो. या कंपनीला पीएफ नाही की काय? तसं नाही. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याप्रमाणे अशी कंपनी स्वतःचा ट्रस्ट करून कामगारांचा पीएफ सांभाळू शकते. पैसे सरकारी निधीत भरण्यातून कंपनी सुटलेली असते. कामगाराचा पीएफ सुटलेला नसतो. सरकारी निधीपेक्षा कमी व्याज ट्रस्टला देताही येत नाही. म्हणजे एक्झेम्प्ट कोण, तर कंपनी. आपण मात्र वाचताना तो शब्द स्वतःला लावून घेतो.

ऑफर लेटरमधली ती ओळ तशीच होती, फक्त जास्त बोचरी. अमेरिकेत 1938 चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आहे. आठवड्याला चाळीस तासांच्या वर काम केलं तर जादा तासांचे दीडपट पैसे द्यायचे, हा त्यातला एक मुख्य नियम. पण अधिकारी, प्रशासकीय आणि व्यावसायिक कामं करणाऱ्या, आठवड्याला किमान 684 डॉलर ठरावीक पगार असलेल्या लोकांना या नियमातून वगळलं आहे. त्यांना तिथे 'एक्झेम्प्ट' म्हणतात. ज्यांना ओव्हरटाइम मिळतो ते 'नॉन-एक्झेम्प्ट'. म्हणजे हा शब्द कर्मचाऱ्याच्या नावापुढे लिहिलेला असला तरी सुटतो तो मालक. कर्मचारी पन्नास तास बसला तरी पगार तेवढाच.

मी हे सांगितल्यावर वहिनी गप्प झाल्या. मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे रात्री दहापर्यंत थांबवलं तरी काही मिळणार नाही?"

मी म्हटलं, थांब. अमेरिकेचा तो कायदा ऐरोलीत चालत नाही. कंपनीने तिथला छापील नमुना उचलून इथे वापरला असणार. आपल्याकडे दुकाने व आस्थापनांचा 2017 चा महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि त्यात जादा तासांचे पैसे दुप्पट दराने आहेत. पण आपल्या कायद्यातही वगळलेले लोक आहेत: गोपनीय, व्यवस्थापकीय, देखरेखीच्या पदावरचे. तुझं पद त्यांनी कशात धरलंय हे या कागदावरून कळत नाही. म्हणून ते विचारायचं, आणि मेलवर विचारायचं.

त्याने तिथेच मोबाइलवर इंग्रजीत मसुदा केला. पहिल्यांदा लिहिलं, 'आय ॲम एक्झेम्प्टेड ऑफ ओव्हरटाइम?' मी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक्झेम्प्टच्या मागे 'फ्रॉम' लागतो, 'ऑफ' नाही, कारण आपण कशातून तरी बाहेर काढलेले असतो. आणि स्थिती सांगायची असेल तर 'एक्झेम्प्ट' पुरतं: 'धिस इन्कम इज एक्झेम्प्ट'. कोणीतरी निर्णय घेऊन वगळलं हे सांगायचं असेल तेव्हा 'एक्झेम्प्टेड': 'द कोर्ट एक्झेम्प्टेड हिम फ्रॉम अपियरिंग'. त्याला तर स्थितीच विचारायची होती. शेवटी मेल तीन ओळींचा झाला. माझं पद एक्झेम्प्ट म्हटलंय ते नेमकं कोणत्या तरतुदीतून, ती कोणत्या कायद्यातली, आणि शिफ्ट संपल्यावर थांबावं लागलं तर मोबदल्याचा नियम काय.

चार दिवसांनी उत्तर आलं. ती ओळ त्यांच्या अमेरिकेतल्या नमुन्यातून आली होती, असं त्यांनी लिहिलं, आणि सुधारलेलं पत्र सोबत जोडलं. 'स्टेटस'ची ओळ गेली होती. तिच्या जागी कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांचा दर, असं तीन ओळींत स्वच्छ लिहिलं होतं. मुलाने ते पत्र वहिनींना मराठीत वाचून दाखवलं आणि मग सही केली.